दाता नेमका कुठे तुटतो? : रेडिओ-नियंत्रित टूरिंग कारमधील ड्राइव्हट्रेनचा टिकाऊपणा

रेडिओ-नियंत्रित, म्हणजे हातातल्या प्रक्षेपकाने दुरून चालवल्या जाणाऱ्या मोटारींच्या अनेक जातींपैकी टूरिंग कार ही सपाट, पक्क्या पृष्ठभागावर धावणारी जात असून ती खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराची, सुमारे १९ सेंटिमीटर रुंदीची, पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २५७ मिलिमीटर अंतर असलेली आणि बॅटरीसह सव्वा ते दीड किलो वजनाची असते. पातळ पॉलिकार्बोनेटचे सलून गाडीसारखे कवच काढून ठेवले की आत मोटर, बॅटरी, वेगनियंत्रक आणि सुकाणूची छोटी सर्वोमोटर एवढेच विजेचे सामान दिसते. उरलेले जवळजवळ सगळे यंत्र मोटरच्या आसाचे फिरणे चारही चाकांपर्यंत पोहोचवण्यासाठी असते. मोटरच्या आसावरचा लहान गिअर, म्हणजे पिनियन. त्याने फिरणारा मोठा गिअर, म्हणजे स्पर. तिथून पुढे-मागे जाणारा दांडा किंवा दातेरी पट्टे. दोन्ही टोकांचे डिफरन्शियल, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे भाग. आणि डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे सांधेयुक्त आस, या सर्व साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात.

या साखळीच्या टिकाऊपणाचा विचार बहुधा एकाच वाटेने होतो : जो भाग तुटला तो प्लास्टिकचा होता, तेव्हा त्या जागी ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा भाग बसवावा, म्हणजे प्रश्न मिटला. सुट्या भागांचा अर्धा बाजार याच समजुतीवर चालतो, आणि ती पूर्णपणे खोटीही नाही. परंतु यंत्राच्या अंगाने पाहिले तर या आकाराच्या मोटारीत भाग अशक्त म्हणून क्वचितच तुटतात. ते तुटतात, कारण भार धक्क्याच्या रूपाने येतो किंवा दोन दात्यांमधले अंतर बिघडलेले असते. आणि ही दोन कारणे तशीच ठेवून धातू बसवला तर मोडण्याची जागा फक्त पुढे सरकते, बहुतेक वेळा अधिक महागड्या भागाकडे. हे कसे घडते ते समजण्यासाठी एका विशिष्ट मोटारीचे आकडे मांडून पाहणे सोयीचे ठरते.

त्यासाठी जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीची टीटी-०२ ही चासी घ्यावी. १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली, १९७६ मध्ये तिने पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली, आणि २०१३ मध्ये आलेली टीटी-०२ ही नवशिक्यांसाठीची चासी आजही जगभर सर्वाधिक ओळखीच्या चासींपैकी आहे. ही दांड्याने चालणारी मोटार आहे : मधोमध पुढून मागे जाणारा एक दांडा दोन्ही टोकांच्या तिरप्या दातांच्या गिअरना, म्हणजे बेव्हल गिअरना, फिरवतो. खोक्यातून येणाऱ्या रचनेत पिनियनला २२ आणि स्परला ७० दाते असतात, तर प्रत्येक टोकाला १५ दातांचा लहान बेव्हल ३९ दातांच्या मोठ्या बेव्हलला फिरवतो. ७० भागिले २२ म्हणजे सुमारे ३.१८, ३९ भागिले १५ म्हणजे २.६, आणि या दोहोंचा गुणाकार ८.२७, म्हणजेच चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मोटर सव्वाआठ फेरे घेते. या आकड्याला अंतिम गुणोत्तर म्हणतात. चाकाचा व्यास साधारण ६३ मिलिमीटर धरला आणि मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेत असली, तर गाडी ताशी २१-२२ किलोमीटरने धावते.

आता या मोटारीच्या दात्यांवर प्रत्यक्ष किती जोर येतो, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मोटर कितीही दणकट असली तरी चाक जमिनीवर जेवढी पकड धरू शकते त्यापेक्षा जास्त जोर ते जमिनीला लावू शकत नाही. त्यापुढे ते घसरते, आणि चाक घसरू लागले की ड्राइव्हट्रेनवरचा भार वाढायचा थांबतो. गाडीचे वजन १.४ किलो आणि रबर व जमीन यांच्यातील घर्षणाचा गुणक १ धरला, तर चारही चाकांनी मिळून लावता येणारा जोर सुमारे १४ न्यूटन होतो. चाकाची त्रिज्या ३१.५ मिलिमीटर, म्हणून चाकांच्या आसांवरील एकूण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ०.४४ न्यूटन-मीटर, तो २.६ ने भागला की स्परवर ०.१७ न्यूटन-मीटर उरतो. या स्परचे मॉड्यूल ०.६ आहे, म्हणजे दात्यांची संख्या ०.६ ने गुणली की त्याचा कार्यव्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. तो ४२ मिलिमीटर आणि त्रिज्या २१ मिलिमीटर. यावरून दात्यावरचा जोर निघतो अवघा ८ न्यूटन, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम वजन दात्याला टांगल्याइतका. चिकट टायर लावून पकड दीडपट केली तरी हा आकडा सव्वा किलोच्या आसपास राहतो. बोटाच्या पेरावर सहज तोलता येईल एवढ्या वजनाने अभियांत्रिकी प्लास्टिकचा सुस्थितीतला दाता मोडत नाही. तरीही स्पर मोडतात, हे उघड आहे, म्हणून दोष नेहमीच्या भारात नसून अन्यत्र शोधावा लागतो.

तो सापडतो थांबण्यात. ब्रशलेस मोटर, म्हणजे कार्बनच्या ब्रशाऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने चालणारी मोटर, वापरल्यास तिच्या आतला चुंबकाचा फिरता दंडगोल, म्हणजे रोटर, २८ ग्रॅम वजनाचा आणि ६ मिलिमीटर त्रिज्येचा आहे आणि तो मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरत आहे असे समजावे. गाडीचे चाक फरसबंदीच्या कडेला आदळून अडकले आणि त्यामुळे रोटरला एका सहस्रांश सेकंदात थांबावे लागले, तर त्या क्षणी मोटरच्या आसावर सुमारे १ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. वरच्या हिशेबाप्रमाणे पकडीच्या सीमेवर धावतानासुद्धा त्याच आसावर ०.०५ न्यूटन-मीटरच लागत होता. म्हणजे धक्का नेहमीच्या भाराच्या वीसपट झाला. थांबायला एकाऐवजी पाच सहस्रांश सेकंद मिळाले तर हाच धक्का पाचपटीने खाली येतो. टायरमधला फोम, रबराचे घसरणे, प्लास्टिकच्या दांड्याला बसणारा पीळ, पट्ट्याचा ताण, या सगळ्यांमुळे हे जादा चार सहस्रांश मिळतात, आणि मऊ भाग काढून कडक भाग बसवले की नेमके तेच हातचे जातात. उड्या मारणाऱ्या बग्गी जातीच्या मोटारींत बऱ्याचदा स्परपाशी घसरता क्लच बसवलेला असतो आणि तो असा धक्का स्वतः घसरून पचवतो. टूरिंग कारमध्ये तो सहसा नसतो, म्हणून इथे यंत्राच्या मऊपणाला किंमत आहे.

असे धक्के कुठून येतात हे ओळखणे फार अवघड नाही. वळणाच्या आतल्या कडेवर चढून हवेत फिरणारे चाक पूर्ण वेगात जमिनीवर पडणे. भिंतीला टेकलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर तसाच दाबून धरणे. गाडी पुढे पळत असतानाच उलटा गिअर ओढणे. आणि दात्यांमध्ये वाटाण्याएवढा खडा शिरणे. यांतील दुसरे आणि तिसरे कारण तर पूर्णपणे चालवणाऱ्याच्या बोटात आहे. बहुतेक वेगनियंत्रकांत गाडी थांबल्याशिवाय उलटी फिरू न देण्याची आणि सुरुवातीचा झटका, ज्याला पंच म्हणतात, कमी करण्याची सोय असते. ती वापरणाऱ्याला धातूचा एकही भाग विकत न घेता ड्राइव्हट्रेनचे आयुष्य वाढवता येते. मात्र ही सूचना दुकानातून मिळण्याची शक्यता कमी.

धक्क्याखालोखाल दुसरे कारण दात्यांमधल्या अंतराचे. दाता मोडण्याचा हिशेब अमेरिकन अभियंता विल्फ्रेड लुइस यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या सूत्राने आजही केला जातो. त्या सूत्रात दात्याला भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईसारखे मानलेले आहे : जोर टोकाकडे लागतो आणि तुळई बुडाशी वाकते. सूत्राचा व्यवहारातला अर्थ असा की दात्याची ताकद त्याच्या रुंदीच्या आणि मॉड्यूलच्या प्रमाणात वाढते. म्हणून इतर सर्व सारखे असताना ०.६ मॉड्यूलचा दाता ०.४ मॉड्यूलच्या दात्यापेक्षा दीडपट दणकट असतो. शर्यतीच्या मोटारींत इंचाच्या मापाचे ४८ किंवा ६४ पिचचे गिअर आढळतात; पिच म्हणजे गिअरच्या कार्यव्यासाच्या दर इंचामागे किती दाते, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका दाता बारीक. ४८ पिच म्हणजे सुमारे ०.५३ मॉड्यूल आणि ६४ पिच म्हणजे ०.३९७. बारीक दाते शांत चालतात आणि गुणोत्तराची बारीक निवड करू देतात, पण चुकीला माफी देत नाहीत. ०.६ मॉड्यूलच्या स्परसोबत ४८ पिचचा पिनियन दिसायला बसतो आणि हाताने फिरतोही, मात्र त्यांच्या दातांची चाल जुळत नसल्याने तो काही मिनिटांत स्पर खातो; नवशिक्यांच्या पहिल्या स्परचा अंत बऱ्याचदा असाच होतो.

लुइसच्या तुळईवरून दात्यांची फट का महत्त्वाची हेही कळते. पिनियन स्परपासून दूर बसला तर दोन्ही दाते फक्त टोकांशी एकमेकांना भिडतात, तुळईवर जोर तिच्या अगदी टोकाला पडतो, बुडावरचा ताण वाढतो आणि शिवाय प्रत्येक वेग-बदलाला दाता मोकळ्या जागेतून धावत येऊन समोरच्या दात्यावर आदळतो. पिनियन फार जवळ बसला तर उलटे घडते : दाते एकमेकांत रुततात, घर्षणाने तापतात, आणि स्पर ज्या प्लास्टिकचा असतो ते पॉलिॲसिटल सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळत असले तरी त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते. दोहोंमधली जागा साधण्याची जुनी आणि उत्तम रीत कागदाच्या पट्टीची आहे. ज्या मोटारींत मोटर पुढे-मागे सरकवता येते त्यांत मोटरचे स्क्रू सैल करून साध्या लिहिण्याच्या कागदाची, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची, अरुंद पट्टी दोन गिअरच्या मध्ये धरावी, पिनियन स्परवर हलकेच दाबून स्क्रू आवळावेत आणि मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दात्यांच्या घड्या एकसारख्या उमटलेल्या असाव्यात, पण कागद फाटलेला नसावा. यानंतर स्पर बोटाने धरून पिनियन मागे-पुढे हलवला असता जेमतेम जाणवेल इतकी हालचाल, म्हणजे कारागिरांच्या भाषेत प्ले, उरली पाहिजे. ही तपासणी एकाच जागी करून भागत नाही, कारण साच्यात ओतलेला स्पर क्वचितच अगदी गोल असतो. स्पर पूर्ण फिरवून जिथे तो सर्वांत घट्ट लागतो तिथे प्ले ठरवावा, नाही तर जे अंतर एका बाजूला योग्य ते दुसऱ्या बाजूला रुतते.

नीट लावलेले अंतर टिकवून धरण्याचे काम स्क्रूंचे आणि बेअरिंगचे आहे. मोटर धातूच्या पट्टीवर बसत असेल तर तिच्या स्क्रूंना आटे घट्ट धरणारे द्रव, म्हणजे थ्रेडलॉक, एक थेंब लावावे. मात्र ते धातूत धातू जाणाऱ्या आट्यांपुरतेच, कारण पुष्कळशा प्लास्टिकना ते भेगा पाडते. पिनियनचा बारीक ग्रब स्क्रू मोटरच्या आसावरच्या सपाट भागावरच आवळला गेला आहे ना हे बोटाने चाचपून पाहावे. हा आस १/८ इंच, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि गोल भागावर आवळलेला स्क्रू पहिल्याच धक्क्याला फिरतो. मग पिनियन सरकतो, अर्ध्या रुंदीवर चालू लागतो, आणि लुइसच्या सूत्राप्रमाणे स्परची निम्मी ताकद कोणी हात न लावता नाहीशी होते.

बेअरिंगची गोष्ट अधिक कपटी आहे. स्वस्त संचांत फिरत्या आसांखाली गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे साधे बुश येतात. टीटी-०२ सारख्या मोटारीत त्यांच्या जागी ५ मिलिमीटर आतला व्यास, ११ मिलिमीटर बाहेरचा आणि ४ मिलिमीटर रुंदी असलेली बेअरिंगे बसतात, आणि सगळ्या सुधारणांत पैशाला सर्वाधिक न्याय देणारी सुधारणा हीच होय. लोक ती वेगासाठी करतात, पण तिचा खरा फायदा आस जागेवर धरून ठेवण्याचा आहे. बुश झिजून अंडाकृती झाला की आस डुलतो, त्याच्यावरचा गिअर डुलतो आणि कागदाच्या पट्टीने बसवलेले अंतर प्रत्येक फेऱ्यात बदलते. बेअरिंग गंजून अडले तरी परिणाम तोच. स्पर मोडला म्हणून स्पर बदलला जातो, नवा स्परही तसाच मोडतो, मग पोलादी स्पर मागवला जातो, आणि ज्या बेअरिंगने हे सर्व केले ते आत तसेच खडखडत राहते.

मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेव्हल गिअरना तर जागेची फारच काळजी असते. साधे गिअर फक्त एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात. बेव्हल गिअर तिरपे असल्याने भार आला की दोघेही आपापल्या आसावर बाजूलाही ढकलले जातात, आणि प्लास्टिकची पेटी थोडी जरी फुगली तरी दाते एकमेकांवरून उडी मारतात. गाडी जोरात सुटताना पुढच्या किंवा मागच्या पेटीतून येणारा कटकट आवाज हा बहुतेक याच उडीचा असतो. यावर उपाय शिमचा, म्हणजे ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिमीटर जाडीच्या पातळ वॉशरांचा. पेटी उघडून मोठ्या बेव्हलच्या बेअरिंगमागे ०.१ चा एक शिम घालावा, पेटी पुन्हा बंद करावी आणि चाक हाताने फिरवून पाहावे. फिरणे जड, दाणेदार लागले तर शिम जास्त झाला, बेव्हलला बाजूने हलवता येत असेल तर अजून एक लागेल. हे काम किचकट आहे, पेटी तीन-चार वेळा उघडावी लागते, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण दांड्याच्या मोटारीत एखाद्या पोलादी बेव्हलपेक्षा योग्य जागी बसलेला एक शिम अधिक दिवस साथ देतो.

पट्ट्याने चालणाऱ्या मोटारींत बेव्हलची ही अडचण नसते. शर्यतीच्या पट्टेवाल्या चासींत साधारणपणे दर ३ मिलिमीटरला एक दाता असणारे, आत मजबूत धागे असलेले दातेरी पट्टे मधल्या आसावरून डिफरन्शियलच्या पुलींवर जातात आणि धक्का थोडा ताणून पचवतात. त्यांचे दुखणे दोन टोकांचे आहे : पट्टा ढिला पडला तर ब्रेक लावताना दाते पुलीवरून उडी मारतात आणि प्रत्येक उडीत पट्ट्याचे दाते खरवडले जातात, फार ताणला तर बेअरिंगांवर सततचा भार पडून गाडी जड चालते. ताण बदलण्यासाठी डिफरन्शियलची बेअरिंगे बहुधा विकेंद्री कड्यांत बसवलेली असतात, त्या एक खाच फिरवल्या की डिफरन्शियल किंचित पुढे-मागे सरकते. पट्टा उघडा असल्याने खडा मात्र त्याचा हाडवैरी. स्वच्छ गालिचाच्या ट्रॅकवर वर्षानुवर्षे टिकणारा पट्टा खडीच्या वाहनतळावर एका दुपारीत जाऊ शकतो. ज्यांना खास बांधलेला ट्रॅक जवळ नाही आणि सोसायटीच्या आवारातल्या धुळीच्या काँक्रीटवरच गाडी पळवायची आहे, त्यांच्यासाठी बंद पेटीतला दांडा हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो, मग शर्यतीचे विजेते काहीही वापरोत.

चाकापर्यंत जाणाऱ्या आसांकडे आता वळावे, कारण टूरिंग कारमध्ये झिजेची खरी रंगभूमी तिथे आहे. सर्वांत साधा आस दोन्ही टोकांना गोळा आणि आरपार पिन असलेला, कुत्र्याला चघळायला देण्याच्या हाडासारखा दिसणारा असतो. म्हणून त्याचे नाव डॉगबोन. त्याच्या पिना डिफरन्शियलच्या आणि चाकाच्या कपांतील खाचांत बसतात. मागची चाके वळत नसल्याने तिथे तो पुरतो. पुढे सुकाणूने चाक वळवले की अडचण सुरू होते. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो यांच्या नावाने ओळखला जाणारा सांधा, आणि पिना-खाचांची त्याचीच ही सोपी रूपे, कोनात वाकल्यावर एकसारखा वेग देत नाहीत : आत येणारा आस समान गतीने फिरत असला तरी बाहेरचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. २० अंशांच्या कोनात बाहेरचा वेग मूळ वेगाच्या ०.९४ ते १.०६ पटींत हेलकावतो, ३० अंशांत तो ०.८७ ते १.१५ पटींत जातो. म्हणजे चाक पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला असता पुढचे चाक दर सेकंदाला कित्येकदा खेचले आणि सोडले जाते. वळणावर पुढून येणारी थरथर ती हीच, आणि खाचांच्या कडांवर पिनने खोदलेली खोबणही तिचीच.

बाजारात सीव्हीडी, म्हणजे समवेगी ड्राइव्ह, म्हणून विकला जाणारा आस डॉगबोनपेक्षा निश्चित सरस असतो, कारण त्याचा चाकाकडचा सांधा बंद असतो आणि पिन निसटून पडत नाही. मात्र समवेगी हे त्याचे नाव शब्दशः घेऊ नये, आतला सांधा एकेरी कार्दानच असतो. थरथर खरोखर कमी होते ती दुहेरी कार्दान सांध्याने, ज्यात दोन सांधे पाठोपाठ ठेवून पहिल्याचा हेलकावा दुसऱ्याकडून जवळजवळ रद्द करवला जातो. पुढच्या आसावर डिफरन्शियल न ठेवता दोन्ही चाके एकत्र बांधून टाकणारा स्पूल वापरत असतील तर हा सांधा चैन न राहता गरज बनतो, कारण स्पूलमुळे वळणावर आतले चाक फरफटत जाते आणि तिथे जमणारा पीळ पिना आणि कपांवर सुटतो. या ठिकाणी कप कोणत्या पदार्थाचा असावा यावर हौशी मंडळींत न संपणारे वाद आहेत. ॲल्युमिनियम हलके, पण पोलादी पिनसमोर मऊ. पोलाद टिकते, पण जड. आणि प्लास्टिकचे कप स्वस्त, बदलायला सोपे. पिनवर बसणारी प्लास्टिकची छोटी टोपी, जिला ब्लेड म्हणतात, हा या वादातला सर्वांत समंजस तोडगा दिसतो : काही रुपयांची ती टोपी झिजते आणि महागडा कप वाचतो. झिजण्यासाठीच ठेवलेला असा एक स्वस्त भाग साखळीत मुद्दाम राखून ठेवणे, हे विजेच्या फ्यूजसारखेच तंत्र आहे, आणि प्लास्टिकचा स्परही त्याच दृष्टीने पाहिला पाहिजे.

डिफरन्शियल दोन प्रकारचे. इंग्लंडमधील सेसिल शूमाकर या अभियंत्याने १९८० च्या सुमारास लोकप्रिय केलेल्या बॉल डिफरन्शियलमध्ये दोन कडक चकत्यांच्या मध्ये बारीक गोळ्या दाबून धरलेल्या असतात आणि टॉर्क केवळ घर्षणाने पुढे जातो. तो स्क्रूने कमी-जास्त घट्ट करता येतो हे त्याचे बलस्थान, आणि ढिला राहिला तर गोळ्या घसरून काही फेऱ्यांत चकत्यांवर खोबण पाडतात ही त्याची दुर्बलता. तपासणी सोपी आहे : एक चाक आणि स्पर हातात घट्ट धरून दुसरे चाक फिरवण्याचा प्रयत्न करावा, ते सहज फिरले तर डिफरन्शियल मोटरसमोर टिकणार नाही. दुसरा प्रकार बेव्हल गिअरांच्या डिफरन्शियलचा, ज्याच्या बंद डबीत सिलिकॉन तेल भरून त्याचा घट्टपणा ठरवतात. पाण्याची स्निग्धता साधारण १ सेंटिस्टोक असते, तर या तेलांची हजारांत, मधाच्या जातीची. डबी काठोकाठ भरू नये, कारण तापलेले तेल पसरते आणि रबरी कड्यातून बाहेर येते. बाहेर आलेले तेल धूळ धरते, आणि आत तेल कमी झालेले डिफरन्शियल हळूहळू आपलेच दाते खाऊ लागते. देखभालीला कंटाळणाऱ्यांनी हाच प्रकार घ्यावा, हे मात्र निःसंकोच सांगता येते.

ग्रीसबद्दलची चूक जवळजवळ सार्वत्रिक आहे. बंद पेटीतील बेव्हलना, डिफरन्शियलच्या कपांना आणि धातूच्या सांध्यांना ग्रीस हवेच. उघड्या पिनियन-स्परला मात्र ते लावू नये. उघड्या ग्रीसमध्ये वाळूचे कण बसतात, आणि वाळूतील क्वार्ट्झ मोज यांच्या कठीणपणाच्या मापावर ७ व्या क्रमांकाला असल्याने, म्हणजे साध्या पोलादापेक्षा बराच कठीण असल्याने, ते मिश्रण गिअर घासण्याच्या लेपासारखे काम करते. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या पिनियनबाबतही असेच घडते : वरचा थर कठीण असतो, पण फार पातळ, तो एकदा गेला की खालचे मऊ ॲल्युमिनियम झिजू लागते, स्परभोवती काळी भुकटी दिसते आणि त्या भुकटीतले थराचे कठीण कण उरलेले दाते उगाळतात. प्लास्टिकच्या स्परसोबत पोलादी पिनियन ही जोडी जड असली तरी दीर्घायुषी असते. दात्यांची संख्याही निवडताना थोडा विचार केला तर झीज सारखी वाटली जाते : २२ आणि ७० यांना २ ने भाग जातो, म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता स्परच्या निम्म्याच दात्यांना भेटतो, तर २३ चा पिनियन घेतला की प्रत्येक दाता सर्व सत्तर दात्यांना पाळीपाळीने भेटतो आणि एखाद्या खराब दात्याचा त्रास दरवेळी त्याच जोडीदारांना सोसावा लागत नाही. नायलॉनचे भाग पाणी शोषून फुगतात, हेही कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कोरड्या हवेत नीट बसवलेला नायलॉनचा गिअर जुलैमध्ये घट्ट लागला तर त्यात नवल नाही.

एवढे करूनही भाग मोडतातच, आणि मोडलेला भाग लगेच फेकून देण्यापूर्वी भिंगाखाली पाहण्याची सवय लावून घेणे हे कोणत्याही महागड्या सुधारणेपेक्षा अधिक फायद्याचे असते. स्परचे तीन-चार शेजारचे दाते बुडापासून कापल्यासारखे गेले असतील आणि बाकीचे नवेच्या नवे असतील, तर धक्का किंवा खडा कारण आहे. सगळ्या दात्यांची टोके गोल होऊन बुडे शाबूत असतील, तर पिनियन दूर बसला होता. दात्यांच्या बगलांवर चकाकी आणि कडांना वितळल्यासारखे ओघळ असतील, तर तो फार जवळ होता. झीज दात्याच्या एका टोकाकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असेल, तर दोन आस समांतर नाहीत. मग मोटरचा आधार वाकला आहे की बेअरिंग गेले आहे ते पाहावे. झीज दात्याच्या निम्म्याच रुंदीवर असून तिच्या कडेला स्पष्ट पायरी दिसत असेल, तर पिनियन आसावर सरकला होता. आणि स्पर अगदी धडधाकट असून मागच्या पेटीतल्या बेव्हलचे दाते उडाले असतील, तर ती गाडी बहुधा अशी निघते, जिच्यात आदल्याच महिन्यात कोणीतरी पोलादी स्पर बसवलेला असतो.